खत वाढवलं, तरी एन्झाइम का वाढलं नाही?

प्रश्न: सर, मी वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रबंधासाठी गव्हाचा कुंड्यांमधला प्रयोग घेतला. नत्राच्या चार मात्रा दिल्या: शून्य, आणि हेक्टरी ६०, १२० व १८० किलोच्या हिशेबाने, सगळं युरियातून. फुटवे फुटताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पानं घेऊन नायट्रेट रिडक्टेज, ग्लुटामिन सिंथेटेज आणि ग्लुटामेट डिहायड्रोजनेज ही तीन एन्झाइमं मोजली. वाटलं होतं, नत्र वाढेल तशी तिन्ही वाढतील. पण नायट्रेट रिडक्टेज १२० पर्यंत वाढलं, १८० ला खाली आलं, आणि फुलोऱ्यानंतर तर सगळ्याच कुंड्यांमध्ये पडलं. ग्लुटामिन सिंथेटेजमध्ये दर मिलिग्रॅम प्रथिनामागे काही फरकच नाही. ग्लुटामेट डिहायड्रोजनेज दाणे भरताना सगळ्यात जास्त निघालं ते शून्य मात्रेच्या झाडांत! बरोबरचे म्हणतात, न जुळणारी रीडिंग काढून टाक, आलेख सरळ येईल. पुन्हा पेरायला हंगाम उरलेला नाही. मी काय करू?
एक विद्यार्थिनी

उत्तर:

एकही रीडिंग काढू नका. तुम्हाला खटकलेल्या तिन्ही गोष्टी गव्हात खरोखर घडतात आणि प्रत्येकीमागे कारण आहे. दुरुस्त करायची आहे ती अपेक्षा. तुम्ही कुंडीत किती युरिया घातला हे पानाला कळत नाही. त्या घटकेला मुळांकडून किती नायट्रेट वर येतंय, ऊन किती आहे, पेशीत साखर किती शिल्लक आहे, स्वतः पान कोवळं आहे की उतरणीला लागलंय, एवढंच त्याला कळतं. तुमची तिन्ही एन्झाइमं यातल्या वेगवेगळ्या गोष्टींचं ऐकतात. ती एकसाथ, एका रेषेत वर गेली असती तर मला जास्त काळजी वाटली असती.

नायट्रेट रिडक्टेजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिघांत सगळ्यात चंचल तेच आहे. पेशीद्रवात ते नायट्रेटला दोन इलेक्ट्रॉन देऊन नायट्राइट बनवतं. नायट्राइट पेशीला घातक, म्हणून ते लगेच हरितलवकात जातं आणि तिथलं नायट्राइट रिडक्टेज आणखी सहा इलेक्ट्रॉन देऊन त्याचं अमोनियम करतं. इव्हान्स आणि नेसन यांनी १९५३ मध्ये सोयाबीनच्या पानांच्या अर्कातल्या नायट्रेट रिडक्टेजचं वर्णन केलं. तेव्हापासून त्याच्यावर इतकं काम झालंय की त्याच्या सवयी आता चांगल्या ठाऊक आहेत. नायट्रेट पोहोचलं की पेशी हे एन्झाइम बनवायला घेते, आणि बनलेलं एन्झाइम काही तासांत मोडीतही निघतं. शिवाय अंधार पडला की त्याच्यातल्या सेरीन नावाच्या एका अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतो, त्यावर १४-३-३ नावाचं प्रथिन येऊन बसतं, आणि मॅग्नेशियम हजर असेल तर काही मिनिटांत एन्झाइम थंडावतं. म्हणजे पानात एन्झाइम भरपूर असूनही काम शून्य, असं होऊ शकतं.

आता तुमच्या १८० च्या कुंड्यांकडे वळू. पानं कोणत्या क्रमाने तोडली ते वहीत पाहा. बहुतेक जण शून्यापासून सुरुवात करतात आणि सगळ्यात मोठ्या मात्रेवर संपवतात. सकाळी साडेनऊला शून्याची पानं आणि दुपारी उशिरा १८० ची, असं झालं असेल तर तुमच्या आलेखात नत्राबरोबर घड्याळही उमटलंय. पानं तोडल्यावर बंद पिशवीत किंवा झाकलेल्या ट्रेमध्ये किती वेळ राहिली, हेही त्याच यादीत. क्रम मिसळलेला असेल, प्रत्येक आवृत्तीत चारही मात्रा साधारण एकाच वेळी हाताळल्या असतील, तर ही शंका बाजूला ठेवा आणि पुढे जा.

क्रम ठीक असूनही १८० ला घट येऊ शकते, आणि त्याची मला तीन कारणं दिसतात. पहिलं सावलीचं. भरपूर नत्र मिळालेलं झाड फुटवे जास्त काढतं, पानं रुंद होतात आणि एकमेकांवर पडतात. वरून दुसरं किंवा तिसरं पान तुम्ही घेत असाल तर शून्याच्या कुंडीत ते उन्हात होतं आणि १८० च्या कुंडीत सावलीत. नायट्रेट रिडक्टेजला उजेड दोन प्रकारे लागतो: ते चालू राहण्यासाठी, आणि त्याचा जीन चालवणाऱ्या साखरेसाठी. दुसरं कारण पोट भरल्याचं. नत्र पुढे जाऊन ग्लुटामिन हे अमिनो आम्ल साठू लागलं की तेच ग्लुटामिन उलटा निरोप देतं आणि नायट्रेट रिडक्टेजचं उत्पादन आवरतं. १२० ला गरज भागली असेल तर १८० ला वाढ थांबणं किंवा थोडं खाली येणं यात आश्चर्य नाही.

तिसरं कारण युरियाचं, आणि तुमच्या प्रयोगात मला सगळ्यात जास्त संशय याचाच आहे. युरिया म्हणजे नायट्रेट नव्हे. मातीतलं युरिएज आधी त्याचं अमोनियम करतं, मग जिवाणू दोन टप्प्यांत त्याचं नायट्रेट करतात. कुंडीतली माती थोडी, मात्रा एकाच ठिकाणी पडलेली. तिथे युरिया फुटताना सामू वर चढतो, मोकळा अमोनिया वाढतो, आणि त्याने नायट्रेट बनवणारे जिवाणूच दबतात. थंड किंवा पाणी साचलेल्या मातीत हे काम आणखी रेंगाळतं. म्हणजे तुम्ही नत्र दीडपट केलंत तेव्हा पानापर्यंत पोहोचणारं नायट्रेट दीडपट झालंच असेल असं नाही. झाड काही दिवस मुख्यतः अमोनियमवर जगलं असू शकतं. अमोनियम बरंचसं मुळांतच ग्लुटामिन होऊन जातं, आणि पानातल्या नायट्रेट रिडक्टेजला त्यातून काही निरोप मिळत नाही.

हे तपासता येतं, हंगाम नसतानाही. पानांची वाळवलेली पूड ठेवली आहे ना? सॅलिसिलिक आम्लाच्या पद्धतीने त्यातलं नायट्रेट ४१० नॅनोमीटरला मोजा. एवढ्यासाठी ताजं पान लागत नाही. मग नायट्रेट रिडक्टेजचा आलेख खताच्या मात्रेसमोर न काढता पानातल्या नायट्रेटसमोर काढून पाहा. बऱ्याचदा विखुरलेले बिंदू तिथे ओळीत येतात. एक सावधगिरी मात्र ठेवा. पानातलं बहुतेक नायट्रेट रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, साठलेलं असतं आणि एन्झाइमला ते दिसत नाही. कणगीत किती धान्य आहे यावर जातं फिरत नाही, वरून किती ओंजळी पडतात त्यावर फिरतं. त्यामुळे भरपूर नायट्रेट आणि कमी एन्झाइम अशी एखादी जोडी सापडली तर तीही चूक समजू नका. ते नायट्रेट साठ्यातलं असू शकतं.

तुम्ही कोणती पद्धत वापरली ते पत्रात नाही, आणि इथे त्याने अर्थ बदलतो. पानांचे तुकडे बफर आणि प्रोपेनॉलमध्ये अंधारात ठेवून बाहेर आलेलं नायट्राइट मोजलं असेल, तर त्या द्रावणात पोटॅशियम नायट्रेट घातलं होतं का? घातलं असेल तर तुम्ही पानात एन्झाइम किती आहे ते मोजलंत. नसेल घातलं, तर पानाजवळ स्वतःचं वापरण्याजोगं नायट्रेट किती होतं तेही त्या आकड्यात आलं. पान वाटून अर्कात मोजलं असेल तर मॅग्नेशियम असताना मिळणारा आकडा त्या घटकेचं खरं काम सांगतो आणि मॅग्नेशियमला बांधून ठेवणारं ईडीटीए घातल्यावर मिळणारा आकडा एकूण एन्झाइम. दोन्हींचं गुणोत्तर हाताशी असेल तर सावलीचा आणि वेळेचा प्रश्न जवळजवळ तिथेच सुटतो. प्रबंधात हे एका वाक्यात उरकू नका. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील.

फुलोऱ्यानंतर सगळीकडे पडलेल्या आकड्यांची चिंता सोडा. दाण्यात जाणारा बहुतांश नत्र गहू फुलोऱ्याआधीच जमिनीतून उचलतो आणि पानांत, खोडात प्रथिनांच्या रूपात ठेवतो. दाणे भरू लागले की मुळांचं शोषण मंदावतं, वर येणारं नायट्रेट आटतं आणि नायट्रेट रिडक्टेजही त्याबरोबर उतरतं. त्या काळात पानाचं काम उलटं होतं: घेण्याऐवजी देणं. तुमच्या तिसऱ्या टप्प्यातले आकडे हेच बदललेलं काम दाखवतात.

ग्लुटामिन सिंथेटेज अमोनियम ग्लुटामेटला जोडून ग्लुटामिन बनवतं. त्याचा प्रश्न बराचसा भागाकारातल्या छेदाचा आहे. तुम्ही लिहिता, 'दर मिलिग्रॅम प्रथिनामागे' फरक नाही. नत्र मिळाल्यावर गव्हाचं पान सगळ्यात जास्त काय बनवतं? प्रथिनंच, आणि त्यातही रुबिस्को, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम, जे पानातल्या विद्राव्य प्रथिनाचा फार मोठा वाटा घेतं. समजा, ६० च्या कुंडीत एक ग्रॅम ओल्या पानात एन्झाइम १०० एकक आणि प्रथिन २० मिलिग्रॅम निघालं, तर उत्तर ५. १८० च्या कुंडीत एन्झाइम १५० एकक झालं आणि प्रथिन ३० मिलिग्रॅम, तरी उत्तर ५ च. एन्झाइम दीडपट झालं आणि तुमच्या तक्त्यात ते दिसलंच नाही. म्हणून तेच आकडे ओल्या वजनामागे, शक्य असेल तर पानाच्या क्षेत्रफळामागेही मांडा, आणि प्रथिनाचे आकडे वेगळ्या स्तंभात द्या. प्रथिनामागे सपाट आणि वजनामागे चढता असा निकाल आला तर त्याचा अर्थ असा की पानाने हे एन्झाइम बाकीच्या प्रथिनांच्या बरोबरीने वाढवलं. तो निकाल आहे, तो लिहा.

इथेच एक बारीक गोष्ट तपासा. गव्हाच्या पानाच्या अर्कात नायट्रेट रिडक्टेज टिकत नाही म्हणून अनेक प्रयोगशाळा बफरमध्ये केसीन किंवा गाईच्या रक्तरसातलं अल्ब्युमिन घालतात. त्याच अर्कातून प्रथिन मोजलं असेल तर बाहेरून घातलेलं प्रथिन पानाच्या नावावर जमा झालंय आणि मात्रांमधला फरक पुसट झालाय. तसं असेल तर ते प्रथिनाचे आकडे वापरू नका. गोठवलेली पूड उरली असेल तर केसीन किंवा अल्ब्युमिन न घालता अर्क काढून प्रथिन नव्याने मोजा.

छेद नीट केल्यावरही ग्लुटामिन सिंथेटेज नत्राला फार जोरात प्रतिसाद देईल असं नाही, कारण हिरव्या पानात त्याच्यावर मोठा भार दुसऱ्याच कामाचा असतो. गव्हासारख्या सी-३ प्रकारच्या पिकात प्रकाशश्वसनातून (रुबिस्को कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं तेव्हा चालणाऱ्या क्रियेतून) सतत अमोनिया सुटतो, आणि तो नायट्रेटपासून नव्याने बनणाऱ्या अमोनियमच्या कित्येक पट असतो. हरितलवकातलं ग्लुटामिन सिंथेटेज, ज्याला जीएस-२ म्हणतात, मुख्यतः हा अमोनिया परत पकडतं. गव्हाच्या जवळच्या नात्यातल्या बार्लीत जीएस-२ नसलेली उत्परिवर्ती रोपं सापडली आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत ती नीट वाढतात, कारण तिथे प्रकाशश्वसन दबलेलं असतं; साध्या हवेत आणली की आजारी पडतात. ग्लुफोसिनेट हे तणनाशकही याच एन्झाइमला अडवतं, आणि फवारलेल्या पानात अमोनिया साठत जातो. इतकं अत्यावश्यक काम करणारं एन्झाइम खतावर डोलत राहिलं तर झाड जगणार कसं? शून्य मात्रेच्या झाडातही ते बऱ्यापैकी टिकतं, ते यामुळे.

दुसरं रूप, जीएस-१, पेशीद्रवात आणि विशेषतः वाहिन्यांच्या भोवतीच्या पेशींत असतं. गव्हात त्याचेही अनेक जीन आहेत, आणि गहू षट्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच असलेला, असल्यामुळे प्रत्येकाच्या ए, बी आणि डी अशा तीन जनुकसंचांतल्या प्रती. पान पिवळं पडू लागलं की हरितलवकांबरोबर जीएस-२ घसरतं, पण जीएस-१ टिकतं, त्याचे काही प्रकार वाढतात, आणि मोडलेल्या प्रथिनांतला अमोनिया ग्लुटामिनच्या रूपात ओंबीकडे रवाना करतात. तुमच्या चाचणीत दोन्हींची बेरीज येते. एक उतरतंय, दुसरं टिकून आहे, आणि बेरीज ढिम्म. उणे ८० अंशांवर गोठवलेलं पान शिल्लक असेल आणि तुमच्या विभागात वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत) होत असेल, तर फुलोरा आणि दाणे भरणे या दोन टप्प्यांची शून्य आणि १८० मात्रेची पानं एवढीच चालवा. जीएस-२ ची पट्टी साधारण ४४ किलोडाल्टनला आणि जीएस-१ ची ३९-४० च्या आसपास येते, त्यामुळे दोन्ही वेगळी ओळखता येतात. सगळे नमुने चालवायची गरज नाही.

गोगॅट, म्हणजे ग्लुटामेट सिंथेज, तुम्ही मोजलेलं नाही. चालेल. फक्त चर्चेच्या प्रकरणात त्याचा उल्लेख विसरू नका, कारण ग्लुटामिनपासून ग्लुटामेट तेच बनवतं आणि ग्लुटामिन सिंथेटेजला पुढच्या फेरीसाठी कच्चा माल तेच पुरवतं.

राहिलं ग्लुटामेट डिहायड्रोजनेज. जुनी पुस्तकं वाचली असतील तर त्यांत हे अमोनियम पकडणारं मुख्य एन्झाइम म्हणून भेटलं असेल. ली आणि मिफ्लिन यांनी १९७४ मध्ये हरितलवकात फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या प्रथिनावर चालणारं गोगॅट दाखवल्यावर ते चित्र बदललं. ग्लुटामेट डिहायड्रोजनेजला अमोनियमची ओढ फार कमी. काम करायला मिलिमोलर पातळी लागते, तर ग्लुटामिन सिंथेटेज मायक्रोमोलरमध्येही उचलतं. तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) बसून ते बहुधा उलट दिशेने चालतं: ग्लुटामेट फोडून त्याचा कार्बनी सांगाडा ऊर्जेसाठी मोकळा करतं. म्हणून ते वाढतं ते अंधारात, साखर कमी पडल्यावर आणि पान म्हातारं होताना. अमोनियम जास्त साठल्यावरही वाढतं. फुटव्यांच्या वेळी १८० ला थोडी वाढ दिसली असेल तर ती या कारणाने, आणि तसं असेल तर वरच्या युरियाच्या संशयाला तो आणखी एक पुरावा.

मग दाणे भरताना शून्य मात्रेत सगळ्यात जास्त का? कारण ती पानं एकाच तारखेला तोडलेली असली तरी एका वयाची नव्हती. जमिनीतून नत्र न मिळालेलं झाड दाण्यासाठी पानंच लवकर मोडतं. १८० चं ध्वजपान, म्हणजे सगळ्यात वरचं पान, अजून हिरवंगार असताना शून्याचं ध्वजपान पिवळेपणाच्या वाटेवर निम्मं पुढे गेलेलं असतं. तुम्ही मोजलेला फरक बराचसा वार्धक्याचा आहे, आणि ते वार्धक्य नत्राच्या कमतरतेनेच आणलं. हरितद्रव्याचे आकडे असतील तर ग्लुटामेट डिहायड्रोजनेज त्यांच्यासमोर मांडा. चारही मात्रांचे बिंदू एकाच उतरत्या रेषेवर आले तर तुमच्या प्रबंधातला तो सगळ्यात सुंदर आलेख ठरेल. चाचणी कोणत्या दिशेने केली, ग्लुटामेट बनवण्याच्या की फोडण्याच्या, तेही स्पष्ट लिहा. बहुतेक जण बनवण्याच्या दिशेने मोजतात कारण ते सोपं पडतं, आणि मग पानातही ते त्याच दिशेने चालतं असं समजून बसतात.

बरोबरच्यांचा सल्ला त्यांनी आपुलकीनेच दिला असेल, पण तो मानू नका. रीडिंग वगळायचं असेल तर त्याचं कारण रीडिंग येण्याआधी किंवा येताना वहीत लिहिलेलं हवं: नळी फुटली, सेंट्रिफ्यूज मध्येच थांबलं, पान कीड लागलेलं होतं. 'आलेखात बसत नाही' हे कारण नाही. तुमच्या बाबतीत तर नुकसान दुप्पट झालं असतं, कारण १८० ची घट काढली असती तर युरियाचा प्रश्न कधी पुढेच आला नसता. मार्गदर्शकांकडे जाताना जुने तक्ते तसेच न्या, सोबत नव्याने काढलेले तीन आलेख: रिडक्टेज विरुद्ध पानातलं नायट्रेट, सिंथेटेज ओल्या वजनामागे, डिहायड्रोजनेज विरुद्ध हरितद्रव्य. चर्चेत एक वाक्य मात्र टाळा, ते म्हणजे नायट्रेट रिडक्टेज वाढवलं की उत्पादन वाढतं. तंबाखूच्या कुळातल्या झाडांत हे एन्झाइम जनुकीय पद्धतीने वाढवून पाहिलंय. पानातलं नायट्रेट कमी झालं, पण वाढीत म्हणावा असा फरक पडला नाही. संपूर्ण साखळीला एकच टप्पा अडवून धरत नसतो.

हंगाम नाही म्हणता, पण रोपांना हंगाम लागत नाही. गव्हाचं बी ट्रेमध्ये रुजवा आणि नत्र नसलेल्या पोषक द्रावणावर वाढवा. बियातला साठा संपून रोप खरं उपाशी व्हायला साधारण दहा दिवस द्या, नाहीतर शून्य हे शून्य राहत नाही. मग एका गटाला नायट्रेट, दुसऱ्याला तेवढाच नत्र अमोनियमच्या रूपात, तिसऱ्याला काही नाही. कॅल्शियम आणि पोटॅशियमचं प्रमाण त्यांच्या क्लोराइड क्षारांनी सगळीकडे सारखं करा आणि द्रावणाचा सामू रोज पाहा, कारण अमोनियम शोषताना मुळं तो खाली आणतात. नायट्रेट दिलेल्या रोपांत रिडक्टेज काही तासांत उगवताना दिसेल. अमोनियमच्या गटात ते तसं आलं नाही तर कुंडीतल्या १८० च्या घटीबद्दलचा युरियाचा तर्क बळकट होईल. तिन्ही गटांची पानं एकाच वेळी तोडा, दिवे लागून किमान तीन तास झाल्यावर, लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका, आणि तोडल्याची वेळ प्रत्येक नळीवर लिहा.